लंडनचे एक विद्यालय आणि समतेचा प्रश्न

विद्यामंदिराचे दार सर्वांस खुले झाले की समता प्रस्थापित झाली, असा आपला सर्वसाधारण समज असतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा इतिहास या समजाची कसोटी पाहणारा आहे.

ही संस्था १८२६ साली स्थापन झाली. त्या काळी ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील पदवी मिळविण्यास राजमान्य चर्चच्या मतांस संमती द्यावी लागे. नव्या संस्थेने धर्माची अट ठेवली नाही. आपल्या मुंबईचे दादाभाई नौरोजी १८५६ मध्ये तेथेच गुजरातीचे प्राध्यापक झाले.

परंतु याच संस्थेत पुढे वंशावरून माणसाची प्रत ठरविणाऱ्या विचारासही आश्रय मिळाला. सुप्रजननशास्त्राचे जनक फ्रान्सिस गॉल्टन यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून १९११ मध्ये त्या विषयाचे प्राध्यापकपद निर्माण झाले व ते कार्ल पिअर्सन यांस मिळाले. संख्याशास्त्रात या दोघांची कामगिरी थोर. तथापि काही वंश जन्मतःच कनिष्ठ, असे त्यांचे मत होते. २०१४ मध्ये तेथील विद्यार्थ्यांनी ‘आमचा अभ्यासक्रम गोराच का?’ असा जाहीर प्रश्न केला. २०२० मध्ये संस्थेने त्या दोघांची नावे आपल्या वास्तूंवरून काढून टाकली.

हा केवळ नावांचा वाद, असे कोणी म्हणेल. इंग्लंडच्या उच्चशिक्षण अनुदान मंडळाने २०१४ मध्येच प्रसिद्ध केलेले आकडे त्यांनी पाहावेत. महाविद्यालयीन प्रवेशापूर्वीच्या परीक्षेत तिन्ही विषयांत ‘बी’ श्रेणी मिळविलेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी शेकडा ७२ जणांस पहिल्या किंवा वरच्या दुसऱ्या वर्गाची पदवी मिळाली. आशियाई विद्यार्थ्यांत हे प्रमाण ५६, तर कृष्णवर्णीयांत ५३ होते. प्रवेशाच्या वेळची गुणवत्ता सारखी, मग निकालात एवढे अंतर का? ते एकट्या अभ्यासक्रमाने पडते असे नव्हे. पण ‘मुलांची तयारीच कमी’ ही सबब येथे टिकत नाही. शिकविणाऱ्यांनी आपली पुस्तके, आपली परीक्षापद्धती व आपली दृष्टी तपासली पाहिजे, हाच त्याचा अर्थ.

आपली संस्था दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करते, ते योग्यच आहे. परंतु प्रवेश मिळाल्यावर मागे पडलेल्या मुलांकडेही आपले लक्ष जावे. त्यांस बोल लावण्यापूर्वी, त्यांस काय व कसे शिकविले गेले, याची चौकशी वडीलधाऱ्यांनी अवश्य करावी. दार उघडणे हा समतेचा आरंभ होय. तिची सांगता नव्हे.