किती वेळ शुद्ध नव्हती?

दिवाळीत शेलूबाजारला मावशीकडे गेलो होतो. मावसभाऊ तीन वर्षांपूर्वी बाईकवरून पडला होता. हेल्मेट अर्थातच नव्हतं! समृद्धी महामार्गावर दुचाकीला मज्जाव, त्यामुळे बाईकवाले अजून जुन्याच रस्त्यावर. जखम भरली, सगळे विसरले. यंदा पोळ्याच्या सुमारास त्याला फिट आली आणि घरात कांदा, चप्पल, बाहेरची बाधा वगैरे सुरू झालं. पडण्याशी संबंध कुणीच लावेना. लावणार तरी कसा, मध्ये तीन वर्षं गेली ना!

परत आल्यावर वीकेंडभर वाचत बसलो. (जुना बग उशिरा वर येतो, हे आम्हाला काय नवीन?)

ब्रायन जेनेट या ब्रिटिश न्यूरोसर्जननं १९६२ साली नेमक्या याच विषयावर पुस्तक लिहिलं. धोका कुणाला जास्त, तर पहिल्याच आठवड्यात फिट आली, कवटीचं हाड आत दबलं किंवा आत रक्ताची गाठ झाली अशांना. मार लागल्यावर किती वेळाचं आठवत नाही, हेही त्यानं मोजलं. मला हे फार आवडलं. त्याला मशीन लागत नाही, विचारावं लागतं.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात ४,५४१ जणांचा अभ्यास छापून आला. किरकोळ मार असेल तर पाच वर्षांत मिरगी ०.७ टक्के लोकांना, गंभीर असेल तर १० टक्के. तीस वर्षांत गंभीरवाल्यांचा आकडा १६.७ वर जातो. गंभीर म्हणजे मेंदूला जखम, आत रक्ताची गाठ, किंवा २४ तासांहून जास्त वेळ शुद्ध वा आठवण नसणं. आधीच गोळ्या देऊन हे टळेल का? १९९० च्या एका चाचणीत फेनिटॉइननं पहिल्या आठवड्यातल्या फिट कमी झाल्या, नंतरच्या नाहीत.

मावशीला फोन केला. "तो किती वेळ शुद्धीवर नव्हता गं?"

"रात्र गेली, दुसरा दिवस गेला, तिसऱ्या दिवशी नाव सांगितलं त्यानं. पण हे कोणाला सांगू नको बाप्पा, स्थळं येऊन राहिली. लोकं काय म्हणतीन?"

तिची भीती उगाच नाही. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी मिरगी ही लग्नाची आडकाठी म्हणून घातली होती. ती १९९९ मध्ये निघाली, मनातून निघायला वेळ लागतोय. असो.

सीटी स्कॅनचा कागद गव्हाच्या कोठीमागे सापडला. त्यात रक्ताच्या गाठीचा उल्लेख आहे. सोमवारी भाऊ तो घेऊन अकोल्याला न्यूरोलॉजिस्टकडे जातोय. एसटीनं. बाईकची चावी मावशीनं काढून घेतलीय.