ध्रुवराज राष्ट्रकूट व त्याचें राजकुल

तीर्थपुरीहून पश्चिमेस गेलें म्हणजे गोदातटीं पैठण लागतें. याच प्रतिष्ठानीं शके 716 च्या वैशाख अमावास्येस (इ. स. 794), सूर्यग्रहणाच्या पर्वकाळीं, राष्ट्रकूट तिसऱ्या गोविंदानें ग्रामदान दिलें. तो ताम्रपट कीलहॉर्न यांनीं प्रसिद्ध केला. दानाचा भाग बाजूस ठेवून वंशवर्णन वाचलें तर त्यांत गृहकलहाची एक कबुली सांपडते. तीच या टिपणाचा विषय.

वेरूळचें कैलास लेणें कोरविणाऱ्या पहिल्या कृष्णाचे गोविंद व ध्रुव हे दोन पुत्र. थोरला गादीवर आला, परंतु इ. स. 780 च्या सुमारास राज्य धाकट्याकडे गेलें. तें कसें गेलें? देवळी (शके 862) व कऱ्हाड (शके 880) येथील ताम्रपट म्हणतात कीं, गोविंद विषयसुखांत गढला व त्यानें राज्य भावावर सोंपविलें. हे लेख घटनेनंतर दीडशेंहून अधिक वर्षांनीं, ध्रुवाच्याच वंशजानें लिहविलेले आहेत. याउलट पैठणचा पट ध्रुवाच्या पुत्राचा, जवळच्या काळचा. आणि तो सांगतो कीं, गोविंदानें मालव, कांची, गंग व वेंगी येथील राजे भावाविरुद्ध आणिले, तरी ध्रुवानें त्यांस जिंकलें. स्वखुषीनें राज्य देणारा मनुष्य चार राजे मदतीस कशास बोलावील? शिवाय शके 692 च्या आलास ताम्रपटांत हाच गोविंद युवराज असून कृष्णा व मुसी यांच्या संगमावरील छावणींत वेंगीच्या राजास नमविणारा वीर दिसतो. विलासी राजाची कथा मागाहून रचलेली असावी, असें मला वाटतें.

घरांतील आणखी एक साक्ष आहे. पहिल्या कृष्णाचा पुतण्या शंकरगण आपल्या दौलताबाद पटांत (शके 715) कुलाची लक्ष्मी परक्यांकडे जाऊं नये म्हणून ध्रुवानें सत्ता हातीं घेतली, असें समर्थन करितो. वणी व राधनपूर येथील पटांत तर थोरल्याचें नांवच गाळलें आहे. मात्र ज्येष्ठास ओलांडून मिळालेली लक्ष्मीही निर्मळच, असा खुलासा करण्याची गरज कवीस भासली. नांव पुसलें, डाग राहिला!

ध्रुवाची राणी शीलमहादेवी ही वेंगीच्या विष्णुवर्धनाची कन्या. शके 708 च्या जेठवाई पटांत तिनें स्वतःच्या अधिकारानें, परमेश्वरी व परमभट्टारिका या पदव्यांसह, दान दिलेलें आहे. त्याच सुमारास इंग्लंडांत मर्शियाचा राजा ऑफा (757–796) याची राणी किनेथ्रिथ हिचें नांव नाण्यांवर पडत होतें. ऑफानेंही 787 सालीं पुत्र एक्गफ्रिथ यास आपल्या हयातींत अभिषेक करविला. पण तो बापामागून कांहीं महिनेच जगला. ध्रुवानें निवडलेला गोविंद मात्र टिकला. थोरला भाऊ स्तंभ बारा राजांसह उठला असतां गोविंदानें त्याचा पराभव केला, आणि पुढें क्षमा करून त्यास गंगवाडीवर नेमिलें. आपल्या चुलत्याच्या वाट्यास आलें तें त्यानें भावाच्या वाट्यास येऊं दिलें नाहीं.

तीर्थपुरी, अंबड, पैठण या पट्ट्यांतील जुन्या घरांत, देव्हाऱ्यांत वा माळ्यावर, कडीनें जोडलेले तांब्याचे पत्रे कोणास आढळल्यास ते चिंचेनें घासूं नयेत, कडी तोडूं नये, व प्रथम शाईचा ठसा घ्यावा.