नाव एक, माश्या किती?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात किंवा मुलुंडमधील एखाद्या तुळशीवर काळ्या पोटावर निळे झळाळते पट्टे असलेली माशी आपण पाहिली असेल. ही पोळे बांधत नाही. प्रत्येक मादी एकटीच मातीत बीळ कोरून अंडी घालते.

अशा पट्टेवाल्या माशीला लिनीअसने १७५८ साली ‘एपिस झोनाटा’ म्हटले, म्हणजे पोळ्यातल्या मधमाशीच्याच प्रजातीत बसवले! ब्रह्मदेशच्या वनखात्यात नोकरी केलेल्या बिंगहॅम यांच्या १८९७ च्या ग्रंथात ती ‘अँथोफोरा झोनाटा’ आहे. त्याच वर्षी जर्मन अभ्यासक फ्रीझे यांनी ‘अमेगिला’ हा गट वेगळा काढला. आज ती स्वतंत्र प्रजाती मानतात.

नाव बदलले, एवढ्याने फारसे बिघडत नाही. खरा घोळ झाला तो नकाशात. भारतापासून जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत सापडणाऱ्या अशा माश्यांना अनेकजण सरसकट झोनाटाच म्हणत. पुढे नरांची जननांगे व पट्ट्यांवरचे केस बारकाईने तपासल्यावर त्यांत अनेक जाती निघाल्या. ऑस्ट्रेलियातली ‘सिंगुलाटा’ निराळी, जपानमधली ‘फ्लोरिया’ निराळी.

तेव्हा जुन्या यादीत नुसते ‘झोनाटा, मुंबई’ लिहिलेले असेल तर त्यावरून जात ठरत नाही. टाचणीवरचा नमुना आणि त्याखाली ठिकाण-तारखेची चिठ्ठी असेल, तरच नोंद पुन्हा पडताळता येते. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहासारख्या संग्रहांचे मोल ते हेच. छायाचित्रात जननांग कुठले दिसायला!

पट्टे मोजायचे तर मात्र संध्याकाळ बरी. नर तेव्हा काडीला जबड्याने धरून झोपतात. त्यांना बहुधा मादीपेक्षा एक पट्टा जास्त असतो.