बालविकास-सिद्धान्त : अंगणवाडीच्या दारातून

बालविकास-सिद्धान्त म्हणजे मूल कसे वाढते आणि ते तसेच का वाढते, याची उपपत्ती. अंगाची वाढ, हालचाल, भाषा, बुद्धी, भावना आणि भोवतालच्या माणसांशी जुळणारे नाते या सगळ्यांचा त्यात विचार होतो. मराठीत या सिद्धान्तांची ओळख बहुधा डी.एड., बी.एड.च्या पुस्तकांतून होते आणि परीक्षेपुरती तक्ते पाठ करून संपते. सहा वर्षांखालच्या लेकरांबरोबर रोज बसतात त्या मात्र अंगणवाडी सेविका आणि मदतनीस. म्हणून या नोंदीत सिद्धान्तांकडे त्यांच्या बाजूने पाहिले आहे. उदाहरणांसाठी परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले वालूर हे बारवांचे गाव समोर धरले आहे.

‘अंगणवाडी’ या शब्दातच एक सिद्धान्त आहे, आणि तो मराठी आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांच्याबरोबर काम करीत होत्या. गिजुभाईंनी तिथे १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले तेव्हा एक अडचण लगेच दिसली : बालवाडी तयार होती, पण पाड्यावरची मुले तिथवर येत नव्हती. घरी धाकटे भावंड सांभाळायचे असे, शिवाय अंगावर धड कपडा नसे. मग शिक्षिकाच पाड्यावर गेल्या आणि कुणाच्या तरी अंगणात बसल्या. मुलाला शाळेपर्यंत आणण्यापेक्षा शाळा मुलाच्या अंगणात न्यावी, हा विचार तिथून आला. पुढे हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेले. तिथे ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी ते दीर्घकाळ चालवले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणारी ‘कुरणशाळा’ आणि पाळणाघरापासून प्राथमिक शाळेपर्यंत एकाच छपराखाली आणणारी ‘विकासवाडी’ हे कोसबादचेच प्रयोग. केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू केली, त्यातल्या केंद्रालाही अंगणवाडी हेच नाव मिळाले.

या योजनेत सहा सेवा आहेत : पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषण शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. साधारण ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक केंद्र असा निकष असल्याने वालूरसारख्या मोठ्या गावाला एक अंगणवाडी पुरत नाही. सहांपैकी पाच सेवांचे मोजमाप किलो, सेंटिमीटर आणि तारखांत होते. सहावीचे तसे होत नाही, म्हणून ती मागे पडते.

मारिया मॉन्टेसरी (१८७०–१९५२) यांचा प्रभाव मराठी बालशिक्षणावर सर्वांत जुना. त्यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. १९३९ मध्ये त्या मद्रासला आल्या आणि त्यांनी भारतीय शिक्षकांना प्रशिक्षण दिले. मूल हातांनी शिकते, ठराविक काळात ठराविक गोष्टींची त्याला विशेष ओढ असते आणि मोठ्यांनी मध्ये लुडबूड कमी करावी, हे त्यांचे सार. त्यांची साधने महाग होती. बोर्डी-कोसबादला त्यांची जागा बिया, शंखशिंपले, पाने आणि दगड यांनी घेतली. वालूरला तीच जागा चिंचोके, गजगे, सरकी आणि ज्वारीचे दाणे घेतील. चिंचोके आणि गजगे वेगळे करताना मूल चिमटीत धरायला शिकते, म्हणजे पुढे पेन्सिल धरायची तयारी होते. वर्गीकरणही शिकते, म्हणजे गणिताची. मात्र तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती बिया देऊ नयेत. त्या नाकात आणि घशात जातात.

जाँ पियाजे (१८९६–१९८०) या स्विस शास्त्रज्ञाने बौद्धिक विकासाच्या चार अवस्था मांडल्या. त्यांतली दुसरी, दोन ते सात वर्षांची पूर्वक्रियात्मक अवस्था, म्हणजे तिनाच्या पुढची जवळजवळ सगळी अंगणवाडी. या वयात मुलाला जे दिसते तेच खरे वाटते. एकाच पळीने वाढलेली खिचडी एकीच्या पसरट ताटलीत आणि दुसरीच्या वाटीत गेली की एक जण रुसणार, हे प्रत्येक मदतनिसाला ठाऊक असते. पियाजे म्हणतात, तो हट्ट नव्हे. आकार बदलला तरी प्रमाण तेच राहते, हे त्या बुद्धीला अजून पेलत नाही. समजावत बसण्यापेक्षा दोघींना सारखीच भांडी द्यावीत. चांदोबा आपल्यामागून चालत येतो, असे मुले सांगतात, तेही याच अवस्थेतले. त्यांना हसू नये आणि घाईने दुरुस्तही करू नये.

पियाजेंच्या निष्कर्षांना लागलेली एक कात्री सेविकेने माहीत करून घेण्यासारखी आहे. स्कॉटलंडच्या मार्गारेट डोनाल्डसन यांनी दाखवले की, मुलाचे चुकलेले उत्तर पुष्कळदा प्रश्नाच्या पद्धतीमुळे चुकते. मण्यांच्या दोन सारख्या ओळींपैकी एक मोठ्या माणसाने पसरवली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, की मुलाला वाटते, पहिले उत्तर चुकले असणार. ओळ एखाद्या खोडकर अस्वलाच्या बाहुलीने विस्कटली, तर बरीच जास्त मुले बरोबर उत्तर देतात. त्यांचे ‘चिल्ड्रन्स माइंड्स’ हे पुस्तक १९७८ चे. त्यातला कामाचा धडा एवढाच, की उत्तर बरोबर आले असेल तर तोच प्रश्न लगेच दुसऱ्यांदा विचारू नये. तपासणीला आलेले पाहुणे नेमके तेच करतात.

रशियाचे लेव्ह व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) पियाजेंच्याच वर्षी जन्मले आणि जेमतेम ३७ वर्षे जगले. मूल एकट्याने काय करू शकते आणि कुणाच्या मदतीने काय करू शकते, या दोहोंतल्या अंतराला त्यांनी निकट विकासक्षेत्र म्हटले. शिकवणे त्या अंतरातच शक्य असते. वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव याचे चांगले उदाहरण ठरते. (बारवेत पाणी असते, खेळ शाळेच्या पायऱ्यांवर घ्यावा.) चार वर्षांचे पोर एक ते दहा घडाघडा म्हणते, पण पायऱ्या मोजताना पाय तिसरीवर आणि तोंड सातवर असते. त्याला आकडे पाठ आहेत, मोजणे अजून यायचे आहे. साडेपाच वर्षांच्या ताईने हात धरून, एका पायरीला एकच आकडा म्हणत उतरवले, की चार दिवसांत जमते. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले एकत्र बसतात. ही उणीव मानली जाते. व्हिगॉट्स्कींच्या दृष्टीने ती मोठी सोय आहे.

भाषेबद्दलही त्यांचेच म्हणणे जवळचे वाटते. मूल आधी दुसऱ्यांशी बोलते, मग स्वतःशी मोठ्याने बोलते आणि ते बोलणे पुढे आत जाऊन विचार होते. खेळताना पुटपुटणाऱ्या मुलाला गप्प बसवणे म्हणजे त्याचा विचार थांबवणे. परभणी जिल्ह्यात मराठीबरोबर दखनी-उर्दू आणि लमाणांची गोरमाटी घरोघर बोलली जाते. अशा घरांतल्या मुलाला विचार करायला घरचीच बोली लागते. बडबडगीत मराठीत आणि विचारपूस घरच्या बोलीत, असा मेळ ज्या सेविकेला साधतो तिच्या वर्गात मुले लवकर तोंड उघडतात.

जॉन बोल्बी (१९०७–१९९०) यांचा सिद्धान्त ओढीचा. बाळाला एका विश्वासाच्या माणसाची ओढ लागते, आणि ते माणूस आसपास असले की बाळ धीटपणे जग धुंडाळते. त्यांचा भर आईवर होता आणि त्यावर टीका झाली. ग्लासगोत ६० बाळांवर झालेल्या, १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दीड वर्षाच्या बहुतेक बाळांना एकाहून अधिक माणसांची ओढ लागलेली आढळली. आजी, आत्या, मोठी बहीण यांच्या कडेवर वाढणाऱ्या मराठवाड्यातल्या लेकरांबद्दल हे कुणी वेगळे सांगायला नको.

या सिद्धान्ताची खरी कसोटी मराठवाड्यात ऊसतोडीच्या हंगामात लागते. दिवाळीच्या आगेमागे कोयता निघतो. तान्हे मूल आईबरोबर उसाच्या फडावर जाते, थोडे मोठे आजीपाशी गावात राहते. उन्हाळ्याच्या तोंडाला आई परतते तेव्हा काही मुले तिला सोडत नाहीत, तर काही तिच्याकडे पाहतही नाहीत. दोन्ही तऱ्हा विरहाच्याच आहेत. अशा वेळी रडणाऱ्या मुलाला ‘आई आत्ता येते’ अशी थाप मारून गप्प करणे सर्वांत वाईट, कारण थाप उघडी पडते आणि सेविकेवरचा विश्वासही जातो. रोज तेच माणूस, तीच जागा आणि तोच क्रम ठेवणे, एवढाच त्यावर उपाय. वरवर पाहता तो फारच साधा वाटतो.

एरिक एरिक्सन (१९०२–१९९४) यांनी १९५० मध्ये आठ अवस्था मांडल्या. पहिल्या तीन अंगणवाडीच्या : विश्वास, स्वायत्तता आणि पुढाकार. दोन वर्षांच्या मुलाचे ‘माझं मी’ ही दुसरीची खूण. अर्नोल्ड गेझेल (१८८०–१९६१) यांच्या कामातून टप्प्यांचे तक्ते रूढ झाले. ते उपयोगी असले तरी वाचायचे पट्ट्यासारखे, रेघेसारखे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांत आधाराशिवाय चालण्याचा पट्टा ८.२ ते १७.६ महिने इतका रुंद आहे. शेजारणीचे बाळ दहाव्या महिन्यात चालले म्हणून घाबरलेल्या आईला सेविकेने हा आकडा सांगावा, आणि अठरा महिने उलटूनही न चालणाऱ्या बाळाला आरोग्य केंद्रात पाठवावे.

आहार आणि खेळ यांतले आधी काय, हा वाद कुपोषणाच्या भागात नेहमी निघतो. त्याला सर्वांत भक्कम उत्तर जमैकातून आले. किंग्स्टन शहरात ९ ते २४ महिन्यांच्या, उंची खुंटलेल्या १२९ मुलांचे गट करून दोन वर्षे काम झाले. एका गटाला पूरक आहार, दुसऱ्याला आठवड्यातून एकदा घरी येऊन आईसमवेत खेळ, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला काहीच नाही. १९९१ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष छापले : आहाराने विकास सुधारला, खेळानेही सुधारला आणि दोन्ही मिळालेली मुले सर्वांत पुढे गेली. खेळ मिळालेल्या मुलांची कमाई बाविसाव्या वर्षी न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक भरली. खेळ घेणाऱ्या बायका वस्तीपातळीवरच्या आरोग्यसेविका होत्या आणि बरीच खेळणी घरगुती होती. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने देण्याचा निकष २०२३ पर्यंत होता. खेळाला असा आकडा नाही.

महाराष्ट्रात अंगणवाड्यांसाठी ‘आकार’ हा बालशिक्षण अभ्यासक्रम आहे. केंद्राने १० मे २०२३ रोजी ‘पोषण भी पढाई भी’ सुरू केले. त्यातून तीन वर्षांखालच्यांसाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहासाठी ‘आधारशिला’ या पुस्तिका आल्या. वरचे सगळे सिद्धान्त त्यांत खेळांच्या रूपाने उतरले आहेत आणि ते उतरवणे बरे जमले आहे. अडचण वेळेची आहे. वजन, उंची, दंडाचा घेर, आहाराची नोंद, मोबाइलमधील माहिती आणि वर सर्वेक्षणे उरकल्यावर मुलांकडे निवांत पाहायला किती वेळ उरतो, हे कुठल्याच नोंदवहीत लिहिले जात नाही. मॉन्टेसरी असोत की पियाजे, त्यांचे सिद्धान्त असे निवांत पाहण्यातूनच उभे राहिले होते.

सेविकेचे पद कागदावर मानसेवी आहे, तिला पगार नव्हे, मानधन मिळते. मात्र २५ एप्रिल २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या उपदान कायद्याचा लाभ लागू ठरवला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांची पूर्वशाळा चालवणे हे शैक्षणिक काम आहे आणि ते शिकवण्याचे काम त्या करतात, असेही न्यायालयाने त्यात नमूद केले.