जरूरत: आजाऱ्याचा गांजा आणि न्यायालयाचा तराजू

२४ नोव्हेंबर १९७६. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. रॉबर्ट रँडल नावाच्या तरुणावर खटला चालू होता. घराच्या सज्जात गांजाची रोपे वाढवली, हा त्याचा गुन्हा. रोपे माझीच आहेत आणि गांजा मीच ओढतो, हे त्याने लपवले नव्हते. तरीही न्यायाधीश जेम्स वॉशिंग्टन यांनी त्याला निर्दोष सोडले.

रँडल कॉलेजात शिकवणारा माणूस. पंचविशीच्या आतच त्याला काचबिंदू झाला होता आणि काही वर्षांत दृष्टी जाईल असे डॉक्टरांनी सांगितले होते. संध्याकाळी दिव्यांभोवती त्याला रंगीत वलये दिसत. गांजा ओढल्यावर ती वलये जातात, हे त्याच्या स्वतःच्याच लक्षात आले. १९७५ साली पोलिसांनी पकडल्यावर त्याने वैद्यकीय तपासण्या करून घेतल्या. प्रचलित औषधांनी न उतरणारा डोळ्यातला दाब गांजाने उतरतो, असे त्यांत दिसले. हाच पुरावा त्याने न्यायालयापुढे ठेवला.

न्यायाधीशांनी तीन गोष्टी तपासल्या. ही अडचण आरोपीने स्वतः ओढवून घेतली होती का? गुन्हा न करता अडचणीतून सुटण्याचा दुसरा मार्ग होता का? आणि जे नुकसान टळले ते कायदा मोडल्याने होणाऱ्या नुकसानीपेक्षा मोठे होते का? एका पारड्यात आंधळेपण, दुसऱ्यात सज्जातली रोपे. निकाल रँडलच्या बाजूने लागला. इंग्रजी कायद्याच्या परंपरेत या बचावाला 'निकडीचा सिद्धांत' म्हणतात.

मी कायद्याचा जाणकार नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारा शिक्षक आहे, त्यामुळे माझे लक्ष आधी शब्दाकडे जाते. मराठीतला 'जरूर' आणि उर्दूतला 'ज़रूरत' एकाच अरबी घराण्यातले. मराठीत तो हलका झाला. 'जरूर या' म्हणताना कुणाच्या जिवावर बेतलेले नसते. इस्लामी न्यायशास्त्रात, म्हणजे फिकहमध्ये, 'ज़रूरत' हा वजनदार शब्द आहे. प्राण किंवा शरीराचा अवयव जाण्याची वेळ यावी आणि दुसरा मार्ग उरू नये, ती ज़रूरत. मराठीत याला खरा जवळचा शब्द 'निकड'.

कुरआनच्या सूरह बकरामध्ये (आयत १७३) निषिद्ध अन्न सांगितल्यावर लगेच सूट येते. जो लाचार झाला, ज्याच्या मनात लालसा नाही आणि जो मर्यादा ओलांडत नाही, त्याच्यावर दोष नाही, असा तिचा आशय आहे. उस्मानी साम्राज्यात १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या 'मजल्ला' या कायदेसंहितेत हीच गोष्ट दोन कलमांत आली आहे. एकविसावे कलम निकडीच्या वेळी निषिद्ध गोष्टीला मुभा देते. बाविसावे सांगते की ही मुभा निकडीएवढीच, तिच्यापुढे नाही. ती संहिता पूर्ण झाल्यावर शंभर वर्षांनी वॉशिंग्टनच्या न्यायाधीशाने जो तराजू वापरला, तो आपल्या फकीहांना परका वाटला नसता.

याचा अर्थ आपल्या परंपरेने हशीशला पाठीशी घातले असा कुणी काढू नये. 'हशीश' म्हणजे अरबीत वाळलेले गवत. या गवताची नशा समाजात पसरली तेव्हा इब्न तैमिया यांनी तिला दारूच्याच पंक्तीत बसवले. चौदाव्या शतकात अझ-झरकशी यांनी हशीश हराम असल्याचे सांगणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पण आजारी माणसाला सूट मिळते का, हा प्रश्नही उलेमांनी चर्चेला घेतला. काहींनी हराम वस्तूने उपचार करू नये असे सांगणाऱ्या हदीसचा आधार घेतला. पुढच्या काळातल्या अनेक हनफी उलेमांनी अटीवर मुभा दिली: विश्वासू आणि जाणकार हकीमाने सांगितले पाहिजे आणि दुसरे हलाल औषध उपलब्ध नसले पाहिजे.

पंधराव्या शतकातल्या अल-बद्री यांनी बगदादची एक गोष्ट नोंदवली आहे. खलीफाच्या दरबारातल्या एका बड्या अधिकाऱ्याचा मुलगा अपस्माराने आजारी होता. एका कवीने त्याला हशीश दिली. फिट्स थांबल्या, पण पुढे त्याला हशीशशिवाय राहता येईना. औषध आणि व्यसन एकाच गोष्टीत आले आहे, आणि सांगणाऱ्याने दोन्हींपैकी काहीही झाकलेले नाही.

हेच औषध पाश्चात्त्य वैद्यकात गेले ते आपल्याकडून. विल्यम ओशॉनसी हा आयरिश डॉक्टर कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शिकवत होता. १८३९ साली त्याने गांजावरचा निबंध वाचला. त्यासाठी त्याने कमलाकांत विद्यालंकार या पंडितांची, मधुसूदन गुप्त यांची आणि तेहरानच्या एका हकीमाची मदत घेतली होती. आधी प्राण्यांवर प्रयोग, मग धनुर्वात, संधिवात आणि कॉलऱ्याच्या रुग्णांवर. जेमतेम चाळीस दिवसांच्या एका मुलीच्या फिट्स त्याने गांजाच्या अर्काने थांबवल्या. पुढे तो अर्क लंडनच्या औषधविक्यांकडे गेला आणि १८५० नंतर अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचीतही आला.

इकडे १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने देशभर हजारावर साक्षी घेतल्या. आपल्या मुंबई इलाख्यात तेव्हा अहमदनगरकडे गांजाचे पीक निघत असे. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि सरसकट बंदीची गरज नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता.

अमेरिका उलट दिशेने गेली. १९३७ साली तिथे गांजावर जबर कर आणि कडक नियम आले, १९४२ साली तो औषधसूचीतून गेला, आणि १९७० च्या कायद्याने तो 'कोणताही मान्य वैद्यकीय उपयोग नाही' अशा पहिल्या वर्गात टाकला. रँडलने हरकत घेतली ती याच शिक्क्याला.

निर्दोष सुटून त्याचे काम भागले नाही. त्याने सरकारकडेच गांजा मागितला. मिसिसिपी विद्यापीठाच्या शेतावर सरकार संशोधनासाठी गांजा पिकवत असे. त्याच्या वळलेल्या सिगारेटी डब्यांतून रँडलला मिळू लागल्या. एकीकडे तुरुंगात टाकणारे आणि दुसरीकडे औषध पुरवणारे सरकार एकच! १९७८ मध्ये पुरवठा तुटला तेव्हा तो पुन्हा न्यायालयात गेला. त्या तडजोडीतून इतर रुग्णांसाठीही 'अनुकंपा' योजना सुरू झाली. त्याच वर्षी न्यू मेक्सिको राज्याने रुग्णांसाठी कायदा केला. त्यासाठी आमदारांचे उंबरे झिजवणारा लिन पिअर्सन हा तरुण कॅन्सरचा रुग्ण होता. कायदा झाला, पण औषध हाती येण्याआधीच तो वारला.

मग एड्स आला. भूक मेलेली, औषधांनी मळमळ, शरीराचा सांगाडा झालेला. अशा रुग्णांचे अर्ज वाढले तेव्हा सरकारने १९९२ मध्ये ती योजनाच नव्या रुग्णांना बंद केली. आधीचे मूठभर रुग्ण तेवढे आत राहिले.

सरकारने बंद केलेले दार सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकांनी आपल्या परीने उघडले. मेरी जेन रॅथबन ही हॉटेलात वाढपी म्हणून काम केलेली बाई. तिथल्या सरकारी रुग्णालयातल्या एड्सच्या रुग्णांना ती गांजा घातलेला केक, ब्राउनी, करून नेई. त्यासाठी तिला तीनदा अटक झाली. लोक तिला 'ब्राउनी मेरी' म्हणत. डेनिस पेरॉन याचा जोडीदार १९९० मध्ये एड्सने गेला. त्यानंतर त्याने शहरात मतदान घडवून आणले, रुग्णांना गांजा मिळेल असे केंद्र उघडले आणि अखेर प्रश्न राज्यभर नेला. नोव्हेंबर १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात 'प्रस्ताव २१५' सुमारे ५६ टक्के मतांनी मंजूर झाला. डॉक्टरांची शिफारस असेल तर रुग्ण आणि त्याची काळजी घेणारा माणूस गांजा बाळगू शकतो, पिकवू शकतो. काळजी घेणाऱ्याचा उल्लेख कायद्यात आला हे मला महत्त्वाचे वाटते. अंथरुणाला खिळलेला माणूस स्वतः काय पिकवणार?

पण कागदावर हक्क आला म्हणजे तो हातात आला असे नाही. केंद्र सरकारने आधी डॉक्टरांना धमकावले, शिफारस कराल तर परवाना जाईल. डॉक्टर आणि रुग्ण मिळून न्यायालयात गेले. रुग्णाशी खरे बोलणे हा डॉक्टरांच्या अभिव्यक्तीचा भाग आहे, असा निकाल २००२ मध्ये अपील न्यायालयाने दिला. त्याच वर्षी डायन मॉन्सन या पाठदुखीच्या रुग्ण महिलेची सहा रोपे केंद्राच्या लोकांनी उपटून नेली. राज्याच्या कायद्याने ती वैध होती. तिचा आणि एंजल रेच हिचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २००५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी त्या हरल्या. राज्याने मुभा दिली तरी केंद्राचा कायदा चालेल, असे न्यायालयाने सांगितले. वैध रुग्णांवरच्या धाडींना लगाम बसला तो २०१४ च्या अखेरीस, अमेरिकी संसदेने अशा कारवाईसाठी पैसाच द्यायचा नाही असे ठरवले तेव्हा.

नोकरीचेही तसेच. गॅरी रॉस हा हवाई दलात पाठीला दुखापत झालेला माणूस डॉक्टरांच्या शिफारशीने गांजा घेई. चाचणीत ते दिसले आणि कंपनीने त्याला काढले. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची बाजू घेतली. १९९६ चा कायदा शिक्षेपासून वाचवतो, नोकरीची हमी देत नाही. अवयवरोपणासाठी थांबलेल्या रुग्णाला केवळ वैद्यकीय गांजामुळे यादीतून वगळू नये, यासाठी २०१५ साली वेगळा कायदा करावा लागला. एकेक हक्क असा सुटा सुटा मिळवावा लागला.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात आजारांची यादी देऊन शेवटी 'आराम मिळेल असा कोणताही आजार' असेही शब्द होते. त्या फटीतून रुग्ण नसलेलेही आत आले आणि २०१६ मध्ये त्या राज्याने मौजेसाठीही गांजा खुला केला. मजल्लाचे बाविसावे कलम तिथे सुटले, असे मी म्हणेन. शिवाय रँडलच्या काचबिंदूसाठी आज नेत्रतज्ज्ञ गांजा सुचवत नाहीत, कारण परिणाम जेमतेम तीन-चार तास टिकतो आणि आता चांगली औषधे आहेत. त्याच वेळी मुलांच्या दुर्मीळ, हट्टी अपस्मारासाठी गांजातल्या कॅनाबिडिऑल या घटकाचे औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाले. बगदादच्या त्या मुलाला आणि कलकत्त्याच्या त्या तान्हीला होता तोच आजार, फक्त आता मात्रा मोजलेली.

आपल्या देशात १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आहे. वैद्यकीय आणि वैज्ञानिक उपयोग तो तत्त्वतः मान्य करतो. नुसती पाने, म्हणजे भांग, त्याच्या 'गांजा'च्या व्याख्येबाहेर आहेत. त्यामुळे आयुर्वेदिक आणि युनानी औषधांत ती चालतात. जुन्या हकीमांचे 'माजून फलकसैर' त्यातलेच. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला, तेव्हा भारताचे मत ठरावाच्या बाजूने होते. पण डॉक्टरांच्या शिफारशीवर गांजा जवळ बाळगण्याचा कॅलिफोर्नियासारखा हक्क भारतीय रुग्णाला नाही. त्याने कायदा हातात घेऊ नये, डॉक्टरांनाच विचारावे, हे मी स्पष्ट सांगतो.

आपल्या रुग्णांची खरी लढाई मॉर्फिनची झाली. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. त्याच देशात १९८५ नंतर परवान्यांच्या जंजाळामुळे रुग्णालये मॉर्फिन ठेवीनाशी झाली आणि कॅन्सरचे रुग्ण वेदनेने तळमळत गेले. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारखे लोक वर्षानुवर्षे पाठपुरावा करत राहिले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना आवश्यक वेदनाशामके मिळवणे सोपे झाले.

तरी मनातली बंदी उठलेली नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात शेवटच्या टप्प्यातल्या वडिलांना डॉक्टरांनी मॉर्फिन सुचवले. मुलगे म्हणाले, अब्बांना नशेची सवय नको, आखिरत खराब होईल. त्यांचे प्रेम खरे होते आणि भीतीही. आमच्या मोहल्ल्यात गोळ्या आणि गांजाने वाया गेलेली पोरे त्यांनी पाहिली होती. मशिदीच्या इमामांनी त्यांना समजावले: नशा करणारा शुद्ध घालवण्यासाठी घेतो, तुमचे वालिद कळ सोसवत नाही म्हणून घेणार आहेत. शेवटचे काही दिवस ते शांत झोपले.

व्यसनाविरुद्ध बोलायला आपल्याकडे माणसे आहेत, आणि ती हवीतच. पण जुम्याच्या भाषणात, शाळेच्या पालकसभेत, कुटुंबाच्या बैठकीत ज़रूरतचा हा नियमही सांगितला गेला पाहिजे. निकड आहे का, जाणकार काय म्हणतो, दुसरा मार्ग आहे का, मात्रा किती? एवढे चार प्रश्न विचारले तरी आजारी माणसाला गुन्हेगार समजण्याची घाई होणार नाही, आणि आजाराच्या नावाखाली नशा विकणाऱ्याचीही सोय होणार नाही.