निंबाळकर, भाऊसाहेब बाबासाहेब

(१२ डिसेंबर १९१९ – ११ डिसेंबर २०१२). भारतीय क्रिकेटपटू. जन्म व मृत्यू कोल्हापूर येथे. उजव्या हाताचे फलंदाज, मध्यमगती गोलंदाज आणि वेळ पडली तर यष्टिरक्षकही. प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये चारशेचा टप्पा ओलांडणारे ते एकमेव भारतीय.

महाराष्ट्राचा रणजी सामना काठियावाडशी पुण्यात १६ डिसेंबर १९४८ पासून सुरू झाला. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. उत्तरादाखल निंबाळकर ४९४ मिनिटे खेळपट्टीवर उभे राहिले आणि ४४३ धावांवर नाबाद राहिले. त्यांत ४९ चौकार व १ षटकार. उरलेल्या २४१ धावा त्यांनी पळून काढल्या, शिवाय जोडीदारांच्या धावांसाठीचे पळणे वेगळेच. कमल भांडारकर यांच्यासह (२०५) त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. ही भागीदारी १९७४ पर्यंत जागतिक विक्रम होती.

ब्रॅडमन यांचा नाबाद ४५२ धावांचा तेव्हाचा जागतिक विक्रम आता ९ धावांवर होता, म्हणजे दोन चौकार आणि एक एकेरी धाव. महाराष्ट्र ४ बाद ८२६. मध्यंतरात काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी डाव घोषित करण्याची मागणी केली. दोन षटके टाका, मग डाव सोडतो, अशी विनवणी महाराष्ट्राने केल्याचे सांगतात. काठियावाडचा संघ मैदानात परतलाच नाही. सामना सोडून निघून गेला.

निंबाळकरांचे नाव निघाले की या ९ धावांचीच हळहळ व्यक्त होते. त्यांच्यावरचा खरा अन्याय मात्र निवडीतला आहे. त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारत दौऱ्यावर होता आणि मालिकेतल्या तीन कसोट्या अजून व्हायच्या होत्या. तरीही त्यांना बोलावणे आले नाही, पुढेही कधी आले नाही. राष्ट्रकुल संघाविरुद्धची एक अनधिकृत कसोटी तेवढी त्यांच्या वाट्याला आली.

बडोदा, महाराष्ट्र, होळकर, मध्य भारत, राजस्थान आणि रेल्वे अशा सहा संघांकडून ते खेळले. ८० प्रथमश्रेणी सामन्यांत ४७.९३ च्या सरासरीने ४,८४१ धावा व १२ शतके. रणजी करंडकातील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या आजही त्यांचीच आहे. २००२ मध्ये त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला. ९३ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी त्यांचे निधन झाले. बंधू रावसाहेब आणि पुत्र सूर्याजी हेही प्रथमश्रेणी क्रिकेट खेळले.