सम्राटाचा पक्षिग्रंथ आणि पुत्राची टिपणे

तेराव्या शतकातील युरोपचा इतिहास म्हटला की पोप आणि सम्राट यांच्यातील दीर्घ कलह आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. त्या कलहातील सर्वांत वादग्रस्त नाव सम्राट दुसरा फ्रेडरिक याचे. १२२७ आणि पुन्हा १२३९ साली पोप नववे ग्रेगरी यांनी त्याला धर्मबहिष्कृत केले. १२४५ साली लिऑन येथील विश्वपरिषदेत पोप चौथे इनोसंट यांनी त्याला पदच्युत केल्याचे घोषित केले. ख्रिस्तसभेच्या इतिहासात त्याच्या वाट्याला ज्या थोड्या ओळी येतात त्या अशा काळ्या शाईतल्या असतात. त्या ओळींपलीकडे मात्र आणखी एक फ्रेडरिक आहे. दक्षिण इटलीतील आपुलिया प्रांताच्या माळांवर आणि समुद्रालगतच्या दलदलींत पाखरांच्या मागे हिंडणारा, पाहिलेले टिपून ठेवणारा आणि ते वेड आपल्या पुत्राच्या हाती सोपवून जाणारा. त्या पितापुत्रांची हकिकत वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हाला वाटते.

पोरका राजपुत्र

फ्रेडरिकचा जन्म २६ डिसेंबर ११९४ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, इटलीतील येसी या गावी झाला. त्याचा बाप्तिस्मा असिसीला झाला, आणि संत फ्रान्सिस व संत क्लारा यांचा बाप्तिस्मा ज्या कुंडावर झाला तेच हे कुंड, असे तेथील परंपरा सांगते. तीन वर्षांचा होण्यापूर्वीच त्याचे वडील वारले. पाठोपाठ ११९८ साली आईही गेली. सिसिलीच्या या बालराजाचे पालकत्व पोप तिसरे इनोसंट यांच्याकडे आले. पालेर्मोच्या ज्या नगरात तो वाढला तेथे लॅटिन, ग्रीक आणि अरबी या तिन्ही भाषा कानी पडत. पित्याचे सहवाससुख त्याला कधी लाभले नाही. हे लक्षात ठेवले म्हणजे पुढची कथा अधिक समजते.

सम्राटपद त्याला १२२० साली मिळाले. राज्य जर्मनीपासून सिसिलीपर्यंत पसरलेले. पण त्याचे मन रमले ते आपुलियात. फोज्जा येथे त्याने राजवाडा बांधला. त्या नगराभोवतीचे सपाट मैदान, पूर्वेला गारगानोचा डोंगर आणि समुद्राकाठची उथळ खाऱ्या पाण्याची सरोवरे, हा सारा मुलूख स्थलांतर करणाऱ्या पाखरांच्या वाटेवरचा. शरद ऋतूत उत्तरेकडून क्रौंच, बगळे, हंसबदके यांचे थवे उतरत. राजकारणाच्या धकाधकीतून सवड मिळाली की सम्राट हाती ससाणा घेऊन येथे येई. आपल्याकडील कोणी भाविक पाद्रे पिओ यांच्या सान जोव्हान्नी रोतोंदो या गावी किंवा मिखाएल देवदूताच्या मोंते सांत आंजेलो येथील तीर्थस्थानी गेले असतील, तर ते याच मुलखात जाऊन आले आहेत.

पाहणे आणि मानणे

ससाण्याकडून पाखरांची शिकार करवणे हा त्या काळच्या सरदारांचा आवडता छंद. फ्रेडरिकने त्याला शास्त्राची बैठक दिली. त्याच्या लॅटिन ग्रंथाचे नाव ‘पाखरांच्या साहाय्याने शिकार करण्याची कला’ असे आहे; पण त्यातील पहिला भाग शिकारीचा नसून पक्षिजीवनाचा आहे. पाखरे केव्हा खातात, केव्हा पाण्याकडे जातात, घरटी कोठे बांधतात, ऋतू पालटताना कोठे जातात, पंखांची पिसे कशी बसवलेली असतात आणि कशी झडतात, हे सारे तो क्रमाने सांगतो. ग्रंथ लिहिण्यास त्याने सुमारे तीस वर्षे वाट पाहिली, कारण पुरेसे पाहून झाले आहे असे त्याला वाटत नव्हते.

ॲरिस्टॉटलचे प्राणिविषयक ग्रंथ मायकेल स्कॉट या पंडिताने अरबीतून लॅटिनमध्ये आणले होते. फ्रेडरिकने ते आदराने वाचले. परंतु या महान तत्त्वज्ञाने स्वतः क्वचितच शिकार केली असेल, म्हणून काही गोष्टी त्याने इतरांच्या सांगण्यावरून मानल्या, असे त्याने स्पष्ट लिहिले. आपण मात्र जे आहे ते जसे आहे तसेच दाखवू, अशी त्याची प्रतिज्ञा होती. तेराव्या शतकात हे धाडसाचे बोलणे होते.

त्याची उदाहरणे मनोरंजक आहेत. गिधाड मांस वासाने शोधते की डोळ्यांनी? त्याने गिधाडांचे डोळे बंद करून त्यांच्यापुढे मांस टाकले. त्यांना ते सापडले नाही. शहामृगाची अंडी केवळ उन्हाच्या उबेने फुटतात, असे ऐकल्यावर त्याने इजिप्तमधून जाणकार माणसे आपुलियात आणवली आणि प्रयोग करून पाहिला. एकदा एका लहान पाखराचे घरटे त्याच्यापुढे आणण्यात आले. त्यात एक वेगळेच, बेढब पिल्लू होते. त्याने ते वाढवण्यास सांगितले आणि मोठे झाल्यावर ते कोकीळ निघाले. उडत्या क्रौंचांच्या रांगेतील पुढारी दमला की मागे जातो व दुसरा त्याची जागा घेतो, हेही त्याने नोंदवले.

आणखी एक उदाहरण आपल्या धर्मजीवनाशी जवळचे आहे. उत्तरेकडून येणारी एक जातीची हंसबदके अंड्यांतून जन्मत नाहीत, तर समुद्रात तरंगणाऱ्या लाकडांवरील शिंपल्यांतून उपजतात, अशी त्या काळी समजूत होती. मग ते मांस नव्हेच, असा युक्तिवाद करून आयर्लंडमधील काही धर्मगुरू उपवासाच्या दिवशी ती खात असत, असे बाराव्या शतकातील जेराल्ड या वेल्श धर्मगुरूने लिहून ठेवले आहे. फ्रेडरिकने उत्तरेकडे माणसे पाठवून तसली लाकडे आणवली, शिंपले निरखले. त्यांत पाखराचा आकार कोठेही दिसला नाही. या बदकांची घरटी फार दूर असल्यामुळे ती कोणी पाहिली नाहीत आणि अज्ञानातून ही कथा जन्मली, असा निष्कर्ष त्याने काढला. तो बरोबर होता.

अशी चिकित्सा करणारा मनुष्य चर्चच्या विरोधात गेला यात नवल नाही, असे कोणी म्हणेल. तसे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. फ्रेडरिकचा कलह सत्ता आणि भूमी यांचा होता, पाखरांचा नव्हता. त्याच काळातील डॉमिनिकन धर्मगुरू आल्बर्ट द ग्रेट यांनी शिंपल्यांची तीच कथा स्वतःच्या पाहणीवरून खोडून काढली, आणि ससाण्यांविषयी लिहिताना फ्रेडरिकच्या शिकाऱ्यांच्या अनुभवाचा आधारही घेतला. चर्चने १९३१ साली त्यांना संत घोषित केले. देवाने निर्मिलेली सृष्टी निरखून पाहणे हे श्रद्धेच्या आड येत नाही, याची याहून बोलकी साक्ष कोणती?

मात्र सम्राटाच्या निरीक्षणाला एक कठोर बाजू होती, हे सांगितले पाहिजे. त्याची पाखरे त्याच्यासाठी शिकार होती, बंदी होती. नव्या पकडलेल्या ससाण्याच्या पापण्या शिवून टाकण्याची रीत त्याच्या ग्रंथात शांतपणे वर्णिली आहे. त्याच इटलीत असिसीचे संत फ्रान्सिस बेव्हान्यापाशी पाखरांना बहिणी म्हणून संबोधत होते. एकाने पाखरांना ओळखले, दुसऱ्याने त्यांच्यावर प्रेम केले. आज या दोन्ही गोष्टींची आपल्याला गरज आहे.

तीन पुत्र

पिता म्हणून फ्रेडरिकचे जीवन दुःखाचे होते. थोरला पुत्र हेन्री याने जर्मनीत बंड केले. १२३५ साली त्याला पदच्युत करून कैदेत टाकण्यात आले आणि कैदेतच १२४२ साली त्याचा अंत झाला. दाविदाने अबशालोमासाठी जसा आकांत केला, तसा या कठोर पित्यानेही केला. दुसरा पुत्र एन्झिओ १२४९ साली बोलोन्याच्या नागरिकांच्या हाती सापडला आणि १२७२ साली, मरेपर्यंत, त्यांच्याच कैदेत राहिला.

उरला मानफ्रेड. १२३२ साली बियांका लान्चा हिच्या पोटी तो जन्मला. शेवटच्या वर्षांत तोच पित्याजवळ होता आणि पाखरांचे वेडही त्यानेच उचलले. १८ फेब्रुवारी १२४८ रोजी पार्मा नगराच्या वेढ्यात घडलेला प्रसंग प्रसिद्ध आहे. सम्राट शिकारीला गेला असताना नगरवासीयांनी अचानक बाहेर पडून त्याची छावणी लुटली व जाळली. मुकुट गेला, खजिना गेला आणि त्याबरोबर पक्षिविद्येचा मौल्यवान, सचित्र ग्रंथही गेला. पुढे मिलानच्या एका व्यापाऱ्याने अशा एका देखण्या ग्रंथाचे वर्णन करून तो आंजूच्या चार्ल्सला देऊ केला. त्यानंतर त्याचा मागमूस लागत नाही. हा चार्ल्स म्हणजे मानफ्रेडचा काळच.

१३ डिसेंबर १२५० रोजी फ्रेडरिक आपुलियातच मरण पावला. अखेरच्या घटकेला पालेर्मोच्या महागुरूंनी त्याला पापमुक्ती दिली आणि सिस्टर्शियन मठवासीयांचा झगा त्याच्या अंगावर होता, असे जुने वृत्तान्त सांगतात. मानफ्रेड तेव्हा अठरा वर्षांचा होता.

१२५८ साली तो सिसिलीचा राजा झाला. राज्य डळमळीत, पोपमहाशयांशी वैर कायम, डोक्यावर बहिष्काराची आज्ञा. अशा स्थितीत त्याने पित्याचे विखुरलेले कागद गोळा करवले, ग्रंथात कोठे काय राहून गेले आहे ते पाहिले आणि जागा भरून काढल्या. विशेष असे की आपली भर त्याने पित्याच्या मजकुरात बेमालूम मिसळू दिली नाही. जेथे त्याचे शब्द आहेत तेथे ‘राजा’ किंवा ‘राजा मानफ्रेड’ अशी खूण आहे. पित्याचे बोलणे कोठे थांबते आणि पुत्राचे कोठे सुरू होते, हे आजही वाचकाला कळते. पित्याच्या शब्दाचा मान राखून त्यात स्वतःचे पाहिलेले जोडणे, असा हा पुत्रधर्म आहे. तीन पुत्रांपैकी एकाने बंड केले, एकाने बंदिवास सोसला आणि एकाने वही पुरी केली.

ती प्रत, समासात शेकडो पाखरांची रंगीत चित्रे असलेली, हायडेलबर्गच्या ग्रंथसंग्रहातून १६२३ साली रोमला आली आणि आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात जपलेली आहे. बहिष्कृत सम्राट आणि बहिष्कृत राजा यांची ही वही पोपमहाशयांच्याच छपराखाली सुरक्षित राहिली. तिच्यातील एका पांढऱ्या तुरेवाल्या पोपटाकडे २०१८ साली अभ्यासकांचे लक्ष पुन्हा वेधले गेले. तो काकाकुवा होता. कैरोच्या सुलतानाने सम्राटाला भेट म्हणून पाठवलेला. पूर्वेकडील दूरच्या बेटांवरचे पाखरू तेराव्या शतकात भूमध्य समुद्र ओलांडून आले होते, हे त्यावरून सिद्ध झाले.

दान्तेचा न्याय

२६ फेब्रुवारी १२६६ रोजी बेनेव्हेंतोच्या रणात आंजूच्या चार्ल्सशी लढताना मानफ्रेड मारला गेला. बहिष्कृत म्हणून त्याला पवित्र भूमीत जागा मिळाली नाही. पुलाजवळ सैनिकांनी त्याच्यावर दगडांची रास रचली, आणि पुढे कोझेन्झाच्या महागुरूंनी त्याच्या अस्थी उकरून, मेणबत्त्या विझवून, राज्याच्या सीमेपलीकडे टाकवल्या, असे दान्तेने आपल्या महाकाव्यात वर्णिले आहे.

पण दान्ते तेथे थांबत नाही. पित्याला, फ्रेडरिकला, त्याने नरकात पाखंड्यांच्या जळत्या कबरींत ठेवले. पुत्राला मात्र शुद्धिस्थानाच्या पायथ्याशी. मरणाच्या क्षणी मानफ्रेड रडत देवाकडे वळला आणि देवाने त्याला स्वीकारले, असा त्याचा निवाडा आहे. धर्माधिकाऱ्यांच्या शापापेक्षा देवाच्या दयेची मिठी मोठी आहे, हे सांगणारा हा कवी निष्ठावंत कॅथलिक होता. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९२१ साली एक संपूर्ण परिपत्रक लिहून त्याचा गौरव केला.

दान्तेच्या मानफ्रेडची शेवटची विनंती वाचताना मन हलते. आपण तरलो आहोत ही वार्ता माझी कन्या कोन्स्तान्झा हिला कळवा, असे तो सांगतो. कारण मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेने येथे पुष्कळ लाभ होतो. ज्याने पित्याची अपुरी वही पुरी केली, तो आपली अपुरी यात्रा पुरी करण्यासाठी आपल्या लेकीकडे हात पसरतो. नोव्हेंबर महिन्यात आपण कबरस्थानात मेणबत्त्या लावतो तेव्हा याच विश्वासाने लावतो.

मानफ्रेडने वसवलेले मानफ्रेदोनिया हे नगर गारगानोच्या पायथ्याशी आजही नांदते आहे. त्याच्या दक्षिणेकडील मिठागरांवर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि कोणीही जाऊन ते पाहू शकतो. त्यांच्या मागे आता ससाणे सोडले जात नाहीत.